लीलाबाईचा भाऊ

बोरखडी, ता. आर्णी
१९ मार्च १९९५

चि. रामरावास,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. आमदाराले आशीर्वाद चालतात का निवेदनच द्यावं लागते, तेवढं कळव.

तू निवडून आला अन गाव दोन रोज झोपलं नाही. पोट्ट्याईनं गुलाल इतका उधळला का आमची पांढरी गाय अजून लालच आहे. तुह्ये भाऊजी मिरवणुकीत नाचले. माह्या लग्नात वरातीत नाचले नव्हते, तुह्यासाठी नाचले. मी मिरवणुकीत आली नाही म्हणून तू रागावला, असं तुह्या बायकोनं, रजनीनं, सांगून धाडलं. मले ताप होता. लय नाही, थोडासा होता.

आता खरं सांगू? जानेवारीत जिल्हाध्यक्ष आपल्या घरी जेवायले आलते. वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं अन तुह्या भाऊजीले म्हणे का, बाईनं जिल्हा परिषदेत तीन वर्षांत जे केलं ते आमच्या भल्याभल्याईले जमलं नाही, यंदा विधानसभेले त्याईचंच नाव आहे. ते गेले अन मी भांडे घासता घासता मनातल्या मनात शपथसुद्धा घेऊन टाकली. पुढे पेपरात नाव आलं ते तुह्यं. मी फोन केला तं जिल्हाध्यक्ष म्हणे, एवढा मोठा मतदारसंघ बाईमाणसाले झेपत नाही, अन शेवटी तिकीट घरातच आलं ना, मंग काय फरक पडते.

फरक काहीच पडत नाही. म्हणून तं मी तुह्यासाठी गावोगाव फिरली. तांड्यावर फुलसिंग नाईक म्हणे का, बाई, आमी मत तुमालेच देऊन राह्यलो, चिठ्ठीवर नाव तुमच्या भावाचं आहे त्याले आमी काय करावं. हे तुले सांगायचं नव्हतं, पण लिहिता लिहिता हात थांबला नाही.

मुंबईत पाणी उकळून पी. सभागृहात डुलकी घेऊ नको, फोटो काढतात म्हणतात. पहिलं भाषण कापसावर कर. काय बोलायचं ते मी लिहून धाडते.

भाऊ आमदार झाला तरी भाऊच राहो, एवढंच मागणं.
तुही बाई,
लीला


आमदार निवास, मुंबई
८ एप्रिल १९९५

ती. बाईस,
रामूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. आशीर्वाद चालतात. निवेदन असलं तर मात्र दोन प्रतींत आण.

इथं मला कुणी ओळखत नाही. खोलीत माझ्यासोबत कोकणातले एक आमदार आहेत, ते रोज मला तुमच्याकडे नागपूरला थंडी किती असते म्हणून विचारतात. यवतमाळ नागपूर नाही, हे सांगून मी थकलो. शपथ घेताना जीभ दोनदा अडखळली. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत मान वळवून पाहिलं, तू येशील असं वाटलं होतं. ताप गेला ना आता?

तिकिटाचं म्हणशील तर मी मागायला गेलो नव्हतो, मला बोलावून दिलं. नाही म्हणायला हवं होतं असं तुझ्या मनात असेल. बाई, मी नाही म्हटलं नाही, कारण मला हो म्हणायचं होतं. शाळेत गुरुजी विचारायचे, लीलाचा भाऊ ना तू, मग गणित कसं येत नाही? प्रचारात ज्या गावात जीप थांबली त्या गावात पोरं ओरडली, लीलाबाईचा भाऊ आला. चाळिशी आली माझी. इथं सभागृहात अध्यक्षांनी माझं नाव चुकीचं उच्चारलं, पण निदान ते माझं होतं.

भाषणाचे मुद्दे धाडू नको, इथं ग्रंथालय आहे. आणि आणखी एक. लोकांची कामं आता तू अंगावर घेत बसू नको. कुणी आलं की आर्णीला माझ्या घरी पाठवत जा. लोकांची सवय बदलली पाहिजे.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी विसरू नको.
तुझा,
रामू


आर्णी
१४ जुलै १९९६

ती. लीलाबाईंस,
रजनीचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली तूर डाळ मिळाली. फुलसिंग नाईकांनी पोतं स्वतःच्या खांद्यावरून आत आणून ठेवलं आणि पाणी पिऊन झाल्यावर पहिला प्रश्न विचारला, बाई कधी येणार?

इथं सकाळपासून ओसरी भरलेली असते. मी चहा करते. कुणाचं विजेचं कनेक्शन, कुणाची बदली, कुणाच्या मुलीला वसतिगृहात जागा. सगळ्यांचं बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: साहेब मुंबईत असतात हो, बाई असत्या तर आजच झालं असतं. हे ऐकून मला काय वाटतं, ते कुणी विचारत नाही. साहेब नसतात तेव्हा या लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेणारी, कचेरीत चारचारदा फोन लावणारी मी त्यांच्या समोर किटली धरून उभी असते.

आणि यांचं काय सांगू? जेवताना एखादी अडचण निघाली की हेच म्हणतात, बाईनं काय केलं असतं? पण तेच दुसऱ्या कुणी म्हटलं की घास ताटात टाकून उठतात. जणू तुमचं नाव घ्यायचा हक्क यांच्या एकट्याचा.

स्पष्टच लिहिते, मला तुमचा हेवा वाटतो. सवत असती तर चार भांडी आपटून मोकळी झाले असते. नणंदेचं काय करायचं, ते माझ्या माहेरी, पुसदला, कुणी शिकवलं नाही.

हे पत्र वाचून हसाल, ते मला चालेल. यांना मात्र कळू देऊ नका. मी लहान आहे, सांभाळून घ्या.
तुमची,
रजनी


बोरखडी
३ फेब्रुवारी १९९७

चि. रामरावास आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या आपल्या सर्कलचं आरक्षण बदललं, त्याले तुहा इलाज नव्हता, हे मले समजते. पण शेजारचं सर्कल बायांसाठी सुटलं होतं. मी स्वतः तुह्या घरी येऊन, तुह्या ओसरीवर लोकाईच्या रांगेत बसून तुले सांगतलं का मले तिथून उभं राहायचं आहे. तू मान हलवली. मी समजली हो. काल यादी आली तं तिथं एका जिनिंगवाल्याच्या सुनेचं नाव. पोरगी चांगली आहे, मले तिच्यावर राग नाही. तिले त्या सर्कलातले गावं कोणत्या रस्त्यानं येतात ते ठाऊक नाही, पण शिकन.

काहून केलं असं? मी पाच वर्ष जिल्हा परिषदेत होती, तुह्या नावाले बट्टा लागन असं एक काम दाखव. तुह्ये भाऊजी म्हणतात, जाऊ दे, आता घरात लक्ष घाल. घरात काय लक्ष घालू? तुरीले पाणी दिलं, म्हशीले चारा टाकला का दिवस उरतेच. मंग मी पेपर वाचते अन त्यात तुहा फोटो पाह्यते. तू जाडा झाला.

उत्तर दे, नाही तं नको देऊ. बहीण म्हणून माह्यं बोलणं पोटात ठेव.
लीला


मुंबई
१ मार्च १९९७

ती. बाईस शि. सा. नमस्कार.

एका घरात दोन पदं नकोत, असं वरून सांगितलं होतं. हे खरं आहे. मी त्यावर भांडलो नाही, हेही खरं आहे.

तू म्हणतेस, तुझ्या नावाला बट्टा लागेल असं एक काम दाखव. असं काम नाही, हाच तर माझा त्रास आहे. एखादं तरी असतं तर मी तुझ्यासाठी भांडलो असतो. आयुष्यात एकदा, पाचच वर्षं, रामूला एकट्याला मोठं होऊ द्यावं असं तुला का वाटलं नाही, बाई?

तब्येत ठीक आहे. जाडा झालो हे खरं. तुझ्या मायेवर माझा अजून हक्क आहे असं धरून चालतो.
रामू


बोरखडी
२४ डिसेंबर १९९७

सौ. रजनीस अनेक आशीर्वाद.

तू मागं मन मोकळं करून लिहिलं होतं, म्हणून हे पत्र तुलेच. रामूले धाडलं असतं तं तो म्हणन बाई मिरवून राह्यली. मिरवूनच राह्यली मी, पण तुह्याजवळ.

अवकाळी पाणी आलं ते तू आर्णीत पाह्यलंच. वेचायले आलेला कापूस पराटीवरच काळा पडला. घरात आणलेला ओला झाला. खरेदी केंद्रावर बैलबंड्यांची रांग नाल्याच्या पुलापर्यंत गेली अन ग्रेडर बोंडाले हात लावून पुढं पाठवे, ओला आहे, घेत नाही. बैलं उभ्या जागी बसले. बाया चुली तिथंच मांडून भाकरी टाकून राह्यल्या. लोकं रामूची वाट पाहून राह्यले होते. नागपूरले अधिवेशन, तो कसा येईन? मंग फुलसिंग मले घ्यायले आला. मी कोण? ना सदस्य ना सभापती. पण पदर खोसला अन निघाली.

मी म्हटलं, बंड्या केंद्राकडं नका वळवू, सडकेवर वळवा. यवतमाळचा रस्ता दोन्हीकडून बंद. भाषण मी केलंच नाही, नुसती एका बंडीवर बसून राह्यली. तहसीलदार आले, पोलीस आले, पेपरवाले आले. दुसऱ्या दिवशी मंत्र्याचा निरोप का बाईले नागपूरले घेऊन या.

रजनी, त्याईच्या दालनात मले खुर्ची दिली. रामू तिथंच होता, दारापाशी उभा, हातात फायली. मंत्र्यानं माह्यं सारं ऐकलं अन ओला कापूस वेगळ्या दर्जात घ्यायचा हुकूम तिथंच सांगतला. मंग रामूकडं पाहून हसत म्हणाले का, आमदारसाहेब, भगिनींकडून शिका जरा. सारे हसले. मी बी हसली. रामू हसला नाही.

परत येताना गाडीत लोकं माह्या नावाचा जयजयकार करून राह्यले होते अन मले इतकं गोड लागत होतं का रामूचं तोंड आठवून ते अजून गोड लागे. हे कोणाले सांगण्यासारखं नाही. तुले सांगतलं, आता तू माह्या नावानं काय आपटायचं ते आपट.

लेकराले पापा. मले वाईट समजशील तं थोडंसंच समज.
तुही नणंद,
लीला


आर्णी
१० जानेवारी १९९८

सौ. लीलाबाई यांस,
स. न. वि. वि.

आपण दि. २० डिसेंबर रोजी केलेल्या रस्ता रोकोमुळे पक्षाची व लोकप्रतिनिधींची प्रतिमा मलिन झाली आहे. कापूस उत्पादकांचा प्रश्न मी स्वतः सभागृहात लक्षवेधीद्वारे मांडणार होतो व त्यासाठी क्रमांकही लागला होता. यापुढे आपण मतदारसंघातील कोणत्याही आंदोलनाआधी या कार्यालयाशी संपर्क साधावा, ही विनंती.

आपला,
रामराव
विधानसभा सदस्य

बाई, वरचं स्वीय सहायकानं टाइप केलं. पण सांगितलं मीच होतं, उगाच त्याला दोष देऊ नको. लक्षवेधीचं खरं आहे. माझा क्रमांक दुसऱ्या दिवशीच होता. भाषण पाठ केलं होतं मी, आरशासमोर. एक दिवस थांबली असतीस तर.


बोरखडी
२१ ऑगस्ट १९९९

चि. रामूस आशीर्वाद.

सोबत राखी आहे, फुलसिंगच्या हातानं धाडली. पुनव गुरुवारी आहे. दीड वर्षात तू आला नाही, मी आली नाही, पण राखी चुकवायची नाही असं मायनं सांगून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट तुले इतराईकडून कळायच्या आधी मीच सांगते. मी काल अपक्ष म्हणून फॉर्म भरला.

तुह्ये भाऊजी दोन रोज वावरातच झोपायले गेले. मंग म्हणाले, भाऊबहिणीचं भांडण चावडीवर नेऊन राह्यली तू. लोकं मले विचारतात, कापसासाठी उभ्या राह्यल्या का? मी म्हणते, हाव, कापसासाठीच. ते खोटं नाही. या साली भाव पडला, बोंडअळीनं उरलंसुरलं खाल्लं, अन आपल्या भागाचा आवाज मुंबईत कोणाले ऐकू जात नाही. पण तुह्याशी अर्धंच खरं बोलून कसं चालन? तुही जीप गावातून धूळ उडवत गेली का मले वाटते, ड्रायव्हरच्या बाजूची ती सीट माही आहे. तू दिंडीत टाळ वाजवला, तू पुलाचं नारळ फोडलं, तू मयतीले गेला, हरेक ठिकाणी मले वाटते हे मी तुह्यापेक्षा बरं केलं असतं. साडेचार वर्ष हे आत घेऊन मी भाकरी थापून राह्यली. आता नाही होत.

राखी मात्र बांध. तिचा निवडणुकीशी काही संबंध नाही.
तुही बाई


आर्णी
२७ ऑगस्ट १९९९

ती. बाईस नमस्कार.

राखी बांधली. रजनीनं बांधून दिली. आज फॉर्म भरून सभेला गेलो तर पेपरवाल्यांनी विचारलं, साहेब, ही कुणाची? मी म्हटलं, विरोधी उमेदवाराची. उद्या छापून येईल, तू पाहशीलच.

माघारीची मुदत अजून आहे. तू माघार घेणार नाहीस, आणि मीही. एकच लिहितो. दुसऱ्या कुणाकडूनही हरलो तरी चालेल. तुझ्याकडून नाही.

तिकडे प्रचाराला आलो की पाण्याला येईन, दार लावू नको.
रामू


आर्णी
१६ ऑक्टोबर १९९९

ती. लीलाबाईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मतमोजणीहून परस्पर गेलात, आमच्याकडे आला नाहीत. मी दोन ताटं जास्तीची केली होती. निवडून आलेला उमेदवार बाहेरचा, त्याची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. यांनी खिडकी लावली नाही, उभं राहून सगळी पाहिली.

त्या दिवशीचं सांगते. निकाल कळवायला पहिला माणूस धावत आला आणि म्हणाला, साहेब, आपण पडलो. यांनी विचारलं, बाईला किती? तो म्हणाला, बाईही पडल्या, पण दुसऱ्या नंबरवर आहेत, आपण तिसरे. हे मोठ्यानं हसले. मग न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले. बाहेर आल्यावर डोळे लाल होते, म्हणाले साबण गेला. घरात साबण संपला होता, मी सकाळीच सांगितलं होतं.

सगळे म्हणतात, दोघांची मतं एकत्र झाली असती तर तो बाहेरचा माणूस जवळपाससुद्धा आला नसता. हे म्हणतात, बाई उभी राहिली नसती तर. तुम्ही म्हणत असाल, रामू उभा राहिला नसता तर. मी कुणाला मत दिलं, ते तुम्ही दोघांनीही मला विचारू नका.

आता ओसरी रिकामी असेल असं वाटलं होतं, पण तसं नाही. कमी येतात, पण येतात. गंमत म्हणजे मला विचारतात. कोणतं काम कोणत्या कचेरीत, कुठल्या टेबलावर अडकतं, हे चार वर्षं चहा देता देता आणि फोन लावता लावता मला पाठ झालं आहे. परवा तांड्यावरची लालीबाई आणि तिच्यासोबत तिथल्या बाया आल्या होत्या. शाळेच्या दोन खोल्यांचं काम कागदावर अडलं होतं, ते मी यवतमाळला जाऊन सोडवून आणलं. यांना ते विशेष आवडलं नाही.

एक विचारते. हे तिसरे आले, तुम्ही दुसऱ्या. आनंद झाला का तुम्हाला?

तुम्ही मोठ्या आहात, दार आमचं उघडंच आहे.
रजनी


बोरखडी
५ डिसेंबर १९९९

चि. रामूस अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेले तू आला नाही. मी ओवाळणीचं ताट करून ठेवलं अन मंग चंद्राले ओवाळलं. चंद्र तुह्यापेक्षा बारीक आहे, तेवढाच फरक.

रजनीनं मले विचारलं का आनंद झाला का. तिचं उत्तर तुलेच देते. झाला. मतमोजणीत तू माह्या खाली आहे असं ऐकलं अन मी तिथंच, सर्वाईच्या समोर, टाळी वाजवून हसली. स्वतः पडलेली बाई! तुह्ये भाऊजी माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यले. घरी आल्यावर त्याईनं स्वतःच्या हातानं वाढून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आता पुढचं ऐक. परवा खरेदी केंद्राचा मुहूर्त झाला. नवे आमदार आले, काट्यावर नारळ फोडलं, पहिल्या बंडीची पूजा केली. हार पडले, बँड वाजला. मी गर्दीत उभी होती. मुद्दाम गेली होती. मले पाह्यचं होतं का आत किती जळते. मी वाट पाहून राह्यली, आता कळ उठन, मंग उठन. काहीच नाही. त्या माणसाचं भाषण झालं, चांगलंच झालं, अन मले फक्त भूक लागली. रामू, त्या परक्या माणसाचा हेवा मले करताच येत नाही. तो मोठा झाला काय, लहान झाला काय, माह्या घरचं काय गेलं? तुहा फोटो पाहून मी पेपर उलटा ठेवत होती. त्याचा फोटो होता त्या पेपरवर मी लसूण सोलला.

तिथंच फुलसिंग भेटला. तो मले नमस्कार करन, पुढच्या खेपेले उभ्या राहा म्हणन, असं मी धरून होती. तो नमस्कार करून रजनीचंच सांगत सुटला. वैनीनं शाळेच्या खोल्या आणल्या, वैनी कचेरीतल्या साहेबाच्या टेबलापुढून हललीच नाही, वैनी कोणावर ओरडली नाही अन काम झालं. रस्त्यावर बंड्या लावाव्याच लागल्या नाही, असं बी म्हणे. आता त्यात मले टोमणा होता का नाही, देव जाणे. अन त्याच क्षणी, रामू, माह्या छातीत ती कळ आली. तीच! पाच वर्ष तुह्या नावानं उठत होती ती. मनात पहिली गोष्ट आली का, मी असती तं तीन खोल्या आणल्या असत्या. मी केंद्रावरून घरापर्यंत पायी चालत आली अन साऱ्या रस्त्यानं रजनीवर जळत आली.

घरी पोचली तवा ध्यानात आलं. जिच्यावर मी इतकी जळली, ती कामाची असल्याबिगर का जळली? दोन वर्षांनी जिल्हा परिषदेची निवडणूक येते. मले भेटलं नाही त्या शेजारच्या सर्कलाले रजनी उभी राहू दे. मी माह्ये गावं सांभाळते, तू तुह्ये सांभाळ. तिले अजून सांगतलं नाही. आधी तुले विचारून राह्यली, कारण यावेळी तरी घरातलं घरातच ठरू दे.

हे वाचून तुह्या बी छातीत कळ आली का? खरं सांग. तुही बायको मोठी होईन अन तू ओसरीवर बसून चहा देशील, हे डोळ्यापुढं आणून पाह्य. आली असन तं माणूस बरोबर निवडलं आहे आपण. उद्याच्या गाडीनं ये. भांडायचं असलं तं भांडू, भरीत करून ठेवते.

येताना रजनीले आणू नको, अजून दोन रोज तिचं तोंड पाह्यची माही तयारी नाही.

मी जळली तरी तुमचीच आहे.
तुही बाई,
लीला